ब्रेक के बाद... भंडारा!

नवी गाडी दारात आली की सोसायटीतले प्रश्न ठरलेले असतात. किती देते? किती पळते? शून्य ते शंभर किती सेकंदात? म्युझिक सिस्टिम कुठली? पण आजवर एक तरी माणूस असा भेटलाय, ज्याने बॉनेटवर टिचकी मारत विचारलंय, "काय रे, शंभरवरून किती मीटरमध्ये थांबते?" नाही ना? पळण्याचे आकडे आपल्याला पाठ, थांबण्याचे मात्र कुणालाच ठाऊक नाहीत!

म्हणूनच या वेळचा आपला वीकेण्ड जरा हटके आहे. हिल स्टेशन नाही, बीच तर नाहीच नाही. नागपूरपासून साधारण ६० किलोमीटरवर असलेला भंडारा जिल्हा आणि ब्रेकचं काम नुकतंच करून घेतलेली एक छोटीशी स्पोर्ट्स कार.

लाल कॅलिपरचा मोह

गाडी माझ्या नागपूरकर दोस्ताची. जुनी, उघड्या टपाची, फायबर बॉडी, सीट दोनच. वजन जेमतेम ८०० किलो. आपल्याकडे या जातीच्या गाड्या तशा बोटांवर मोजण्याइतक्याच. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म अनेकांना आठवत असेल. अशा गाड्यांचा फंडा एकदम सिंपल. इंजिन मोठं करू नका, वजन कमी करा. हलकी गाडी कमी ताकदीत पळते, पटकन वळते आणि थांबतेही पटकन.

मग ब्रेक बदलायचे कशाला? दोस्ताचं उत्तर प्रामाणिक होतं. "यार, अलॉय व्हीलच्या मागून ते लाल रंगाचे मोठे कॅलिपर कसले भारी दिसतात!"

गॅरेजवाल्या भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग खास नागपुरी थाटात त्याची हवा काढली. "मोठा ब्रेक लावून काय करता भाऊ? जोरात दाबला त चाक आत्ताच जाम होऊन राह्यलं न? मंग! ब्रेक चाक थांबवते, गाडी टायर थांबवते."

या एका वाक्यात निम्मं फिजिक्स आलं. ब्रेक चाक जाम करू शकत असेल, तर त्याची ताकद पुरेशी आहे. त्यापुढची मर्यादा असते टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीची. हलक्या गाडीला पुढे नुसतेच मोठे कॅलिपर बसवले तर पुढची चाकं आधी जाम होतात, मागचे ब्रेक अर्धवट कामाला लागतात आणि गाडी थांबायला उलट जास्त अंतर घेते. शिवाय चाकाशी वजन वाढतं ते वेगळंच. म्हणजे पैसेही गेले आणि हलकेपणाही गेला!

शेवटी काय काय झालं? चार चांगले टायर, नवं ब्रेक ऑइल, मूळ मापाच्याच नव्या डिस्क, एक ग्रेड वरचे पॅड आणि जुन्या रबरी नळ्यांच्या जागी स्टीलची जाळी असलेल्या नळ्या. लाल कॅलिपर कॅन्सल. दोस्ताचा चेहरा पडला, पण वाचलेल्या पैशांत पेट्रोल भरून आम्ही निघालो.

एका ब्रेकमध्ये एक लिटर पाणी

नागपूरहून भंडाऱ्याला नेणारा रस्ता म्हणजे मुंबई-कोलकाता हायवे. पूर्वी त्याला सगळे एनएच-६ म्हणायचे, आता नंबर ५३. चकाचक, रुंद आणि ट्रकांनी भरलेला. कन्हान ओलांडली, मौदा मागे पडलं की आजूबाजूला धानाच्या बांध्या दिसायला लागतात आणि पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जड होतो. सावधान! इथेच एक छोटा हिशेब करू या.

८०० किलोची गाडी १०० च्या स्पीडवरून पूर्ण थांबते, तेव्हा जवळपास ३ लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. एवढ्या उष्णतेत एक लिटर पाणी जवळजवळ उकळीला येईल! १६०० किलोची एसयूव्ही असेल तर दोन लिटर. वेग दुप्पट झाला तर उष्णता चौपट. ही सगळी आग झेलतात चार चाकांतल्या डिस्क आणि पॅड. एकदा थांबलात तर काहीच वाटत नाही. पण लागोपाठ पाच-सहा वेळा जोरात दाबलात की पॅड तापून घसरायला लागतात, ऑइल उकळायला लागतं आणि पाय स्पंजवर पडल्यासारखा पेडल खाली जातं. यालाच म्हणतात ब्रेक फेड.

यात ब्रेक ऑइल हे सगळ्यात दुर्लक्षित प्रकरण. ते हवेतली ओल शोषतं. नवं डॉट-३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरली की हा आकडा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट-४ चं तेच गणित २३० आणि १५५. आपल्याकडचे दोन पावसाळे पाहिलेलं ऑइल म्हणजे काय चीज असेल, विचार करा! आणि हे बदलायला खर्च किती? एका वीकेण्डच्या मल्टिप्लेक्सपेक्षा फार वेगळा नाही.

डिस्कमधला भंडारा

भंडारा म्हटलं की पितळेची भांडी, तलाव आणि चिन्नोर तांदूळ. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा होईपर्यंत हा जिल्हा केवढा तरी मोठा होता. शहरातून वर तुमसरच्या रस्त्याला लागलं की आधी येतं वरठी. भंडारा रोड नावाचं रेल्वे स्टेशन इथलंच आणि गाड्यांच्या उद्योगाला स्टील पुरवणारा सनफ्लॅगचा कारखानाही इथलाच. पुढे मोहाडी. जवळच्या आंधळगावच्या रेशमी साड्या बघायला थांबलात तर तासभर कसा जातो कळत नाही. आणि मग तुमसर, धानाची मोठी बाजारपेठ.

तुमसरच्या पुढे चिखला आणि डोंगरी बुजुर्ग. ही नावं कारच्या कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाहीत, पण ती तिथे असायला हवीत! कारण इथे आहेत मॉइलच्या मँगनीजच्या खाणी. चिखल्याची जमिनीखाली, डोंगरी बुजुर्गची उघडी. डोंगरीचं मँगनीज बॅटरीच्या सेलमध्येही जातं. खाणीत आत जायला परवानगी लागते, पण काळ्या खनिजाचे ढीग रस्त्यावरूनही नजरेत भरतात.

मँगनीजचा आणि ब्रेकचा संबंध? अगदी थेट. बहुतेक गाड्यांची ब्रेक डिस्क असते बिडाची. बिडात गंधक मोकळं राहिलं तर ते ठिसूळ होतं. मँगनीज त्या गंधकाला बांधून ठेवतं. प्रमाण थोडंसंच, पण त्याशिवाय चालत नाही. १९९६ मध्ये आलेली लोटस एलिस ही पाऊणशे कमी आठशे किलोची गाडी. सुरुवातीच्या एलिसला कंपनीने ॲल्युमिनियम कॉम्पोझिटच्या हलक्या डिस्क दिल्या होत्या. पुढे तिथेही साधं बीडच आलं! दोस्ताने हे ऐकलं आणि पहिल्यांदाच आपल्या कंपनी मापाच्या साध्या डिस्ककडे जरा प्रेमाने पाहिलं.

बिनब्रेकची स्पोर्ट्स कार

दुसऱ्या दिवशी सकाळी वैनगंगेचा पूल ओलांडून कारधा, मग ट्रकांचे गिअरबॉक्स बनवणारा गडेगावचा अशोक लेलँडचा कारखाना आणि पुढे लाखनी. जानेवारी-फेब्रुवारीत इकडे आलात तर गावोगावी एकच विषय. शंकरपट!

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. मोजकी लाकडं आणि दोन चाकं असलेला हलका छकडा, पुढे वाऱ्यासारखी जोडी आणि वर एकटा धुरकरी. जास्तीचं वजन म्हणाल तर शून्य. लोटसवाल्यांनी जो फंडा पुस्तकात मांडला, तो झाडीपट्टीने कधीच वावरात उतरवला होता. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने हे सगळं थांबलं. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. आता चाबूक, काठी, विजेचा झटका, सगळ्यावर बंदी आहे. दिवसा पट आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक, हा इथला सीझन. एकदा तरी अनुभवाच.

एका धुरकऱ्याला दोस्ताने विचारलंच, "काका, याला ब्रेक कुठे असतो?" काका मनसोक्त हसले. "बैलाले कोठचा ब्रेक भाऊ? पुढं वावर मोकळं ठेवा लागते."

गाडीवाल्या पोरांनो, हे वाक्य लिहून ठेवा. ब्रेक नसलेल्या गाडीचा माणूस आधी थांबायची जागा ठरवतो आणि मग पळतो. आपण नेमकं उलटं करतो.

पिटेझरीच्या वाटेवर

मोकळं वावर नसेल तर काय होतं, ते साकोलीच्या पुढे कळतं. इथून पिटेझरी गेटमार्गे नागझिऱ्यात जाता येतं. हायवे सोडला की अरुंद डांबरी रस्ता, दोन्हीकडे जंगल, मध्येच एखाद्या तलावाच्या पाळीवरून जाणारं वळण. समोर काय येईल सांगता येत नाही. म्हशींचा कळप, बिनलाइटचा ट्रॅक्टर, शाळा सुटलेली पोरं. आमच्या समोर आली चितळं. स्पीड ५० च्याही खाली होता. दोस्ताने ब्रेक दाबला, गाडी सरळ रेषेत थांबली, बस्स! ना टायरचा आवाज, ना शेपटी फिरली. एक मादी आमच्याकडे दोन सेकंद बघत राहिली आणि निघून गेली. ब्रेकच्या कामाचे पैसे तिथेच वसूल झाले.

गंमत वाटतेय? मग हेही वाचा. २०१३ मध्ये नागझिऱ्यातून निघालेला ‘जय’ नावाचा वाघ हाच हायवे पार करून उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात पोचला आणि स्टार झाला. पण ऑगस्ट २०२३ मध्ये शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, मुरदोलीच्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर एका तरुण वाघाला कारची धडक बसली आणि त्याचा जीव गेला. जखमी वाघ रस्त्यावरून सरपटतानाचा तो व्हिडिओ ज्यांनी पाहिला, ते विसरणार नाहीत.

आता हिशेब बघा. रस्ता कोरडा, टायर चांगले, ब्रेक उत्तम. ताशी ६० ला तुम्हाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, म्हणजे १७ मीटर. मग थांबायला १८. एकूण ३५ मीटर. ताशी १०० ला हेच २८ अधिक ४९, म्हणजे ७७ मीटर! साध्या लो बीमचा कामाचा उजेड एवढ्या लांब पोचतच नाही. पहिले २८ मीटर तर जगातला सगळ्यात महागडा ब्रेकही वाचवू शकत नाही. ते तुमच्या स्पीडवरच ठरतात.

म्हणजे ब्रेक अपग्रेड करू नका का? जरूर करा! पण लक्षात असू द्या, चांगला ब्रेक हा जास्त पळण्याचा परवाना नाही. रोज, प्रत्येक वेळी, तापल्यावरही सारखाच लागणारा ब्रेक, एवढीच त्याची व्याख्या.

करायचंच असेल तर...

- आधी टायर. घासलेल्या टायरवर कुठलाही ब्रेक फुकट.
- दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल. कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं किंवा त्याला चालणारं वरचं.
- पॅड रस्त्याचेच घ्या. रेसिंगचे पॅड तापल्याशिवाय पकडत नाहीत. सकाळी सोसायटीच्या गेटवर ते तापलेले नसतात!
- नवे पॅड आधी मोकळ्या रस्त्यावर हळूहळू दाबून बसवून घ्या, मगच लाँग ड्राइव्ह.
- पुढचा ब्रेक बदलताना मागच्याचा विचार झालाय का, हे विचारा.
- एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. जुन्या गाडीत ते नसेल तर चाक जाम होण्याआधी पाय सैल करायची सवय हवी.
- मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनला सोडून गाडीत बदल करता येत नाहीत. काम करण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्या.

कसं जाल?

नागपूर ते भंडारा हायवेने सव्वा-दीड तास. पहिला दिवस वरठी, तुमसर आणि चिखल्याच्या बाजूला, मुक्काम भंडाऱ्यात. दुसरा दिवस लाखनी, साकोली आणि नागझिरा. सफारीचं बुकिंग आधी करा आणि अंधार पडायच्या आत जंगलाचा रस्ता सोडा. जेवणात चिन्नोरचा भात आणि तलावातली ताजी मासळी मिळाली तर सोडू नका. निघण्याआधी मात्र एक काम. बॉनेट उघडा आणि ब्रेक ऑइलचा रंग बघा. चहासारखा काळपट दिसतोय? मग भंडारा पुढच्या वीकेण्डला, आधी गॅरेज!