पाबळला पाठवण्याआधी

राजगुरूनगर

ती. अक्कास,


परवा फोनवर दाजी आल्याबरोबर तू विषय बदललास, तेव्हाच ठरवलं की हे लिहूनच पाठवावं. पत्र दाजींना दाखवलंस तरी चालेल. सोनूला मात्र इतक्यात दाखवू नकोस. का, ते पुढे येईलच.

तू म्हणालीस, पोराला नववीला दुसऱ्यांदा बसवलाय, दप्तर घेऊन निघतो आणि आयटी पार्कच्या फेज थ्रीमधल्या टपऱ्यांवर सापडतो, तर त्याला पाबळच्या विज्ञान आश्रमात टाकू का? टाकायचाच असेल तर नको. शिकायला पाठवायचा असेल तर मी स्वतः घेऊन जाईन.

आधी जागा कशी आहे ते सांगतो. 'विज्ञान आश्रम' म्हटल्यावर दाजींच्या डोळ्यांसमोर भगवे कपडे आणि पहाटेची घंटा आली असणार. तसलं तिथे काही नाही. शिरूर तालुक्यातलं पाबळ तुला मस्तानीच्या समाधीमुळे ठाऊक आहे. पाऊस बेताचा, उन्हाळ्यात पाण्याची ओरड ठरलेली. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग तिथे जाऊन राहिले. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट केलेली, मग मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात चांगल्या हुद्द्यावर. ते सगळं सोडून हा माणूस शाळा सुटलेल्या पोरांना घेऊन बसला, तेही अशा गावात जिथे कसलीच खास अनुकूलता नव्हती. त्यांना तसंच गाव हवं होतं. २००३ साली ते गेले, काम चालू आहे.

विज्ञान आश्रम म्हणजे पुण्याच्या 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन'चं केंद्र. ती इन्स्टिट्यूट काढली जे. पी. नाईकांनी, कोल्हापूरकडचे, कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. त्या आयोगाने १९६६ मध्ये शाळेत कार्यानुभव आणा म्हणून सांगितलं. पुढे त्याचं काय झालं ते आपण दोघांनी भोगलंय: कार्यानुभवाच्या तासाला काड्यापेट्यांची घरं चिकटवायची आणि वर्षाअखेर ती कपाटात धूळ खात ठेवायची. कलबागांनी तोच विचार घेतला, पण काड्यापेट्या फेकून दिल्या. पोरानं जे करायचं ते कुणाच्या तरी खऱ्या गरजेचं असलं पाहिजे, आणि घेणाऱ्यानं त्याचे पैसे मोजले पाहिजेत.

एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आहे. आठवीपर्यंत शिकलेला चालतो. मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची, मान्यता आहे. चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. पोरगं आळीपाळीनं सगळीकडे जातं. वेल्डिंग करतं, वायरिंग करतं, वीटकाम करतं, कोंबड्या सांभाळतं, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासायला शिकतं. छातीचा घेर आणि अंगाची लांबी टेपनं मोजून गाईचं वजन काढतं: घेराचा वर्ग गुणिले लांबी, सगळं इंचात, भागिले ६६०, की किलो आले. 'वर्ग' म्हणजे काय हे ज्याला तीन वर्षं फळ्यावर कळलं नाही, त्याला गाईपाशी कळतं. गाईचं औषध वजनावर द्यायचं असतं ना, चुकवून कसं चालेल.

तू म्हणशील, सोनूला कुठे यंत्रांची आवड आहे? मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. इतक्या वर्षांत त्याच्या हातात आपण पेन आणि मोबाइल सोडून दिलंय काय? चार विभागांतून फिरवतात ते त्यासाठीच. आधी धंदा ठरवून पोराला त्यात कोंबायचं नाही. दहा गोष्टींना हात लागला की त्याचं त्यालाच कळतं.

माझी नोकरी आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवण्यात गेली, त्यामुळे मला पाबळचं म्हणणं पुस्तकातून समजून घ्यावं लागलं नाही. वर्कशॉपमध्ये मी नव्या बॅचला एक काम हमखास द्यायचो, दहा स्टुलांच्या सांगाड्यांचं. २५ बाय २५ बाय ३ चा अँगल. प्रत्येक स्टुलाला ४५ सेंटिमीटरचे चार पाय, वरच्या चौकटीला ३० चे चार तुकडे, खालच्या आधाराला ३० चे चार. पोरं हिशेब करतात: एका स्टुलाला ४ मीटर २० सेंटिमीटर, दहाला ४२ मीटर. अँगलचा बार ६ मीटरचा येतो, म्हणजे बरोबर सात बार. कागदावर तुकडेसुद्धा चपखल बसतात. पाच बारांतून आठ-आठ पाय आणि आठ-आठ आडवे, उरलेल्या दोन बारांतून वीस-वीस आडवे. भंगार शून्य. पोरं खूश, कॉपी करणारीही खूश. मी काही बोलायचो नाही, सात बार काढून द्यायचो.

मग कटर चालू व्हायचा. प्रत्येक कापाला चकती अडीच मिलिमीटर लोखंड खाते. एका बारातून सोळा तुकडे म्हणजे पंधरा काप, म्हणजे जवळजवळ चार सेंटिमीटर ठिणग्यांत गेले. शेवटचा पाय ४५ ऐवजी ४१ चा. पाच बारांत पाच आखूड पाय. त्यानंतर वर्कशॉपमध्ये जी शांतता पसरायची ती कुठल्याच परीक्षेत पसरत नाही. कुणी म्हणायचं आठवा बार घ्या, कुणी म्हणायचं सगळेच पाय कापून ४१ करा. एकदा एक कायम मागे बसणारा पोरगा म्हणाला, "सर, स्टूल अर्ध्या सेंटिमीटरनं बुटकं केलं तर कुणाला कळणार नाही, मापं आधीच ४४.५ धरायला पाहिजे होती." पाय ४४.५ चा धरला की एका बारात आठ पायांमागे चार सेंटिमीटर वाचतात. बीजगणितात त्याला काय मार्क होते ते मी विचारलं नाही. (ते दोन बार, ज्यातून वीस-वीस आडवे निघायचे होते, तिथे काय करायचं हे त्यानंतर अर्धा तास चाललं.)

वहीत चुकलं तर लाल रेघ येते आणि पान उलटलं जातं. इथे किलोला एक किंमत आहे, तुकडा परत लांब होत नाही, आणि स्टूल न्यायला माणूस शनिवारी येणार असतो. पाबळला प्रत्येक कामाचा खर्च मांडायला लावतात, माल किती, मजुरी किती, वीज किती. पोरगं पहिल्यांदा स्वतःच्या तासाला भाव लावतं.

यावर दाजींचा प्रश्न मला आधीच ऐकू येतोय, की म्हणजे पोराला कामाला लावायचं का? हा आक्षेप जुना आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, तेव्हाही शाळेचा कारखाना होईल अशी भीती लोकांनी घातली होतीच. ती भीती खोटी नाही. काम फुकटात करून घेणं आणि कामातून शिकवणं यात फरक एवढाच की एकशेएकावं स्टूल कोण करतं. दहा स्टुलांत शिकून झालं तर अकराव्या वेळी पोराच्या हातात वेगळं काम आलं पाहिजे. ते येतं का, हे तुम्ही तिथे जाऊन पोरांनाच विचारा. मास्तरांना विचारू नका.

आता तुमच्या माण गावाचं बोलू. जमिनी आयटी पार्कला गेल्या, गावाच्या अंगावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, मेट्रोचा डेपोही गावाच्याच शिवारात आला. त्या इमारतींत रोज काहीतरी बिघडतं: एसी, लिफ्ट, पंप, जनरेटर, अग्निशमनाच्या लाइनी. दुरुस्तीची माणसं येतात बाहेरून. आपली पोरं करतात काय? खोल्यांचं भाडं गोळा करतात, टँकर नाहीतर कॅब चालवतात, प्लॉटच्या दलालीत शिरतात. २०१८ ला 'मुळशी पॅटर्न' सिनेमा आला तेव्हा सोनूच्या वयाची पोरं त्यातल्या गुंडांची नक्कल करत फिरत होती. सिनेमा कशाबद्दल आहे हे त्यांना कळलंच नाही. दाजींच्या चाळीतली पाण्याची मोटार जळली की वाकडहून माणूस येतो आणि तो मागेल ते तुम्ही देता. खोल्या आहेत म्हणून सोनूला उपाशी राहण्याची भीती नाही, आणि नेमकी हीच त्याची अडचण आहे. त्याला पैशासाठी काही शिकायची गरज वाटणारच नाही. दुसऱ्या कशासाठी तरी वाटली पाहिजे, आणि ते दुसरं काहीतरी मी माझ्या पोरांच्या तोंडावर पाहिलंय, पहिला सरळ टाका पडला की.

मला न पटणारंही लिहितो. एका वर्षात कुणी पक्का वेल्डर होत नाही, इलेक्ट्रिशियन तर नाहीच. हात बसायला पुढे आयटीआय किंवा चांगल्या मिस्त्रीकडे दोन वर्षं लागतील. वेल्डर, वायरमन, प्लंबर या ट्रेडना दहावी पास असायची सक्ती नाही. दहावी हवीच असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येईल. पाबळला फॅबलॅब आहे, २००२ पासून, अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं झालेली. तिचे फोटो बघून भुलू नका. सोनूला संगणकावर कापणारं यंत्र दिसेल आणि तो करवत धरायला तयार होणार नाही. आधी करवत.

आणि अक्का, तुझ्या धाकट्या मुलीचं काय? ती हुशार म्हणून तिला यातलं काही नको असं तू धरून चाललीस. कलबागांनी आठवी ते दहावीच्या साध्या शाळांसाठीही आठवड्यातून एक दिवसाचा असाच अभ्यासक्रम बसवला, राज्य मंडळानं तो मान्य केला, आणि तो वर्गातल्या सगळ्यांसाठी आहे, पहिल्या नंबरवाल्यांसकट. नापासांनी हातानं काम करायचं आणि पासांनी डोक्यानं, ही वाटणी ज्या घरात आहे तिथून पाबळला गेलेला पोरगा वर्षभर शिक्षाच भोगतो. तुमच्या घरात ती आहे. सोनूच्या देखत तू धाकटीचं प्रगतिपुस्तक पाहुण्यांना दाखवतेस.

म्हणून हे पत्र त्याला दाखवू नको म्हणालो. यात तो कुठेच बोललेला नाही, त्याच्याविषयी आपणच बोलतोय. आधी त्याला विचार. नाही म्हणाला तर महिनाभर थांब आणि परत विचार.

शाळेतून दाखला एवढ्यात काढू नका. आधी बघून येऊ. रविवार सोडून या, सुट्टीला वर्कशॉप बंद असेल तर बघणार काय? दाजींना तिथल्या घुमटाकार डोमपेक्षा शेळ्या आवडतील, त्यांनाही आण. चाकणचं ट्रॅफिक लागायच्या आत निघा, सातच्या पुढे गेलात की अडकलात. इथे चहा घ्या, मग पुढे मिळूनच जाऊ. फी आणि प्रवेश कधी सुरू होतो ते मी फोन करून विचारून ठेवतो.

दाजींना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद.

तुझा
भाऊ