माहेरी रुसलेली गाडी

दिवाळीपासून चढावर दमणारी आमची पद्मिनी डाळजला आली आणि कार्बोरेटरातून फटाके काढू लागली. वालचंदनगर याच इंदापूर तालुक्यात. ते वसविणाऱ्या वालचंद हिराचंदांनीच १९४४ साली स्थापिलेल्या कंपनीची ही गाडी, म्हणजे माहेरीच रुसली म्हणावयाची! आम्ही कार्बोरेटरास दोष देऊन तो दोनदा साफ केला. वृद्ध मिस्त्रींनी मात्र इंजिनाचे पुढचे झाकण उतरविले. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा एक व्हावयाचा. त्यांस बांधणारी साखळी एक दात चुकली होती. झडपा अवेळी उघडत होत्या. पहिला पिस्टन माथ्यावर आणून त्यांनी दोन्ही चक्रांवरील खुणा जुळविल्या.

“ही बसवली कोणी?”

दिवाळीत चिरंजीवांस शेजारी उभे करून, मोठ्या प्रौढीने, आम्हीच! चिरंजीव आताही शेजारीच होते. आम्ही उजनीच्या पाण्याकडे पाहू लागलो.