शिडी चढून येणारा माणूस

'झील बोटीर आसा,' असं आमच्या मालवणकडे कुणी सांगितलं, की पुढे फारसं विचारायचं कारण उरत नाही. घर पक्कं होणार, बहिणीचं लग्न थाटात होणार, हे सारेच गृहीत धरतात. बोट बंदराला लागल्यावर त्या झिलाचं काय होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. बंदर म्हणजे मौज, दिव्यांची आरास, असंच आपण सिनेमात पाहिलेलं असतं!

वास्तव निराळं आहे. कंटेनरच्या बोटी आता कित्येकदा एका दिवसाच्या आत माल उतरवून, नवा भरून निघून जातात. धक्का शहरापासून लांब, भोवती कुंपण. जुलै २००४ पासून जगभर बंदरांच्या सुरक्षेचे नियम कडक झाले आणि फाटकाबाहेर पडणंही अवघड होऊन बसलं. मिळालेल्या चार तासांत खलाशाने झोप काढावी, की शहर पाहावं?

तेवढ्या वेळात बोटीची शिडी चढून पुष्कळ माणसं वर येतात. एजंट येतो, कस्टमवाले येतात, तपासनीस येतो. प्रत्येकाला काहीतरी हवं असतं : सही, कागद, हिशेब. एकच माणूस असा येतो, की ज्याला काहीच नको असतं. डोक्यावर हेल्मेट, अंगात चमकदार जाकीट, पिशवीत सिमकार्डं आणि लोकरीच्या टोप्या. चहाचा कप हातात धरून तो विचारतो, "घरी सगळी बरी आहेत ना?" हा बंदरातला कल्याण-कार्यकर्ता.

माझे मामा पंचवीस वर्षं बोटीवर होते. १९९४ साली त्यांची बोट रॉटरडॅमला असताना आजी गेल्याची तार पोचली. परत येणं शक्य नव्हतं. अशीच एक प्रौढ डच बाई त्यांना गाडीत घालून खलाशांच्या क्लबात घेऊन गेली. गावातल्या वाण्याच्या दुकानात फोन लावून दिला आणि बोलणं संपेपर्यंत शेजारी बसून राहिली. तिला मराठीचा गंध नव्हता. मामांना तिचं नावही ठाऊक नाही. जग पाहिलेले मामा बंदरांबद्दल फारसं बोलत नाहीत. त्या बाईबद्दल मात्र बोलतात.

हे काम आजचं नव्हे. 'मिशन टू सीफेरर्स' ही संस्था १८५६ पासून, तर पुढे 'स्टेला मारिस' म्हणून ओळखली गेलेली चळवळ १९२० पासून, ग्लासगोहून, चालू आहे. आपल्या मुंबईतही मस्जिद बंदरला 'इंडियन सेलर्स होम' आहे. पहिल्या महायुद्धात प्राण गमावलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक तिथे आहे. २००६ साली झालेला आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करार २०१३ साली अंमलात आला. भारताने तो २०१५ साली मान्य केला. किनाऱ्यावरच्या कल्याण-सोयी खलाशाला मिळाल्या पाहिजेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

पण करार शिडी चढत नाही, माणूसच चढतो! आणि त्या माणसाच्या हाती सत्ता नसते. मालकाने पगार थकवला, तर तो पैसे देऊ शकत नाही; तक्रार कुठे करायची एवढं सांगू शकतो, युनियनच्या निरीक्षकाला कळवू शकतो. २०२० साली करोनाच्या साथीत सुमारे चार लाख खलाशी मुदत संपूनही बोटींवरच अडकून पडले, तेव्हा या कार्यकर्त्यांना बोटीवर पाऊल टाकायचीही बंदी झाली. तेव्हा कित्येक बंदरांत त्यांनी सामानाची पुडकी शिडीच्या पायथ्याशी ठेवली आणि खालूनच हात हलवला.

मला या कामातलं सर्वांत कठीण वाटतं ते निराळंच. ज्याचं मूल इस्पितळात आहे, ज्याचं बायकोशी बिनसलं आहे, असा कुणी तासभर मन मोकळं करतो, आणि संध्याकाळी त्याची बोट सुटते. पुढे काय झालं, ते कार्यकर्त्याला बहुधा कधीच कळत नाही. फळ पाहण्याची हौस असणाऱ्याने तिकडे फिरकू नये.

"आर्ट्सला जाऊन काय करणार?" असं आपल्याला नातेवाईक उठता-बसता विचारतात. परक्या माणसाची भाषा समजून घेणं, त्याचं दुःख मधेच न तोडता ऐकणं, हे शिकवणारी दुसरी कुठली शाखा मला तरी ठाऊक नाही. कुठल्याशा धक्क्यावर उद्या पहाटे एक बोट लागेल. तिच्यावर वीसेक अनोळखी माणसं असतील. कुणीतरी शिडी चढायला हवं.