सबब

‘सबब’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ कारण. कचेरीच्या मराठींत त्याचा अर्थ ‘म्हणून’ असा होतो. घरगुती मराठींत मात्र काम टाळण्याचें निमित्त! एका शब्दाची ही घसरगुंडी मीं अंजनगांव सुर्जींत स्वतः अनुभवली.

२६ एप्रिल २०२४ रोजीं अमरावती मतदारसंघांत लोकसभेचें मतदान होतें. निवडणुकीच्या कामाचा हुकूम आला तेव्हां आई अंथरुणाला खिळली होती. तिला उठवून बसविणारें घरांत माझ्यावांचून दुसरें कोणी नव्हतें. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचें १३४ वें कलम वाजवी कारणावांचून कर्तव्यांत कसूर करणारास ५०० रुपयांपर्यंत दंड सांगतें. म्हणजे वाजवी कारण कायद्यालाहि मान्य आहे. तरी अर्ज लिहितांना माझा हात अडखळला. २०१९ सालीं पाठदुखीचा खोटा दाखला देऊन मीं हेंच काम टाळलें होतें, आणि माझ्याऐवजीं वयानें वडील असे एक सहकारी मेळघाटांत गेले होते.

अर्ज घेतांना कारकुनानें आस्थेनें विचारलें, “सर, पाठ कशी आहे आतां?” त्यांत उपहास नव्हता, म्हणूनच तें अधिक लागलें.

माफी मिळाली तरी कर्तव्य उरतेंच. तें दुसऱ्याच्या खांद्यावर जातें. त्या दुसऱ्याला तोंडावर सांगतां येईल तें कारण. सांगतां येणार नाहीं ती सबब.

त्या सायंकाळीं मी त्या सहकाऱ्यांकडे गेलों आणि दोन्ही अर्जांची हकीकत सांगितली. ते क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनीं चहा सांगितला व विचारलें, “आईंना झोप लागते का?”