नगरच्या भुयाराचा हिशेब

यंदाच्या दिवाळीच्या सुटीत नातवाला घेऊन मी नगरला गेलो होतो. शासनदरबारी आता अहिल्यानगर हे नाव रूढ झाले आहे; आमच्या पिढीच्या तोंडी मात्र अजून नुसते ‘नगर’च येते. दौंड सोडल्यावर गाडीने वेग घेतला आणि माळरानाकडे पाहत बसलेल्या नातवाने विचारले, “दादाजी, किल्ल्यापासून चांदबिबीच्या महालापर्यंत भुयार आहे, हे खरे का?”

हा प्रश्न मीही माझ्या आजोबांना विचारला होता. नगरच्या बाजारपेठेत वाढलेल्या प्रत्येक मुलाने तो कोणाला ना कोणाला विचारलेला असतो. घोडेस्वार दौडत जाईल एवढे ते भुयार रुंद आहे, असे सांगत. आत गेलेला परत आला नाही, हेही सांगत. सांगणाऱ्याने ते पाहिलेले नसे. त्याला ज्याने सांगितले, त्यानेही पाहिलेले नसे.

अशा वदंता केवळ आपल्याकडेच असतात असे नाही. परदेशांत रेल्वे कंपन्यांनी बांधलेल्या जुन्या, भव्य हॉटेलांखाली गुप्त भुयारे असल्याच्या कथा तेथील लोक आवडीने सांगतात. त्यांतल्या काहींच्या मुळाशी तथ्य असते. कॅनडात टोरांटोचे रॉयल यॉर्क हॉटेल १९२९ मध्ये युनियन स्टेशनसमोर उभे राहिले आणि त्या दोहोंना जोडणारा भूमिगत मार्ग खरोखरच आहे. तेथील हिवाळा ध्यानात घेतला, तर रस्त्यावरचे बर्फ न तुडवता प्रवाशाला खोलीपर्यंत पोहोचता येणे ही केवढी सोय होती, हे समजते. खर्च कंपनीने केला, कारण त्यातून ग्राहक मिळत होता. भुयाराची कथा कानी आली की हाच प्रश्न विचारावा, असे मी नातवाला सांगितले. आपण व्यापारी माणसे. हे खोदले कोणी, खर्च कोणाच्या खाती पडला आणि त्यातून मिळाले काय, एवढे विचारले की बराच उलगडा होतो.

आनंदधामचे दर्शन घेऊन आम्ही पाथर्डी रस्त्याने निघालो. शहरापासून सुमारे १३ किलोमीटरवर डोंगरमाथ्यावर तो अष्टकोनी, तीन मजली महाल उभा आहे. वास्तविक त्याचा चांदबिबीशी काहीही संबंध नाही. मुर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची ती कबर. लोकांनी वजिराची वास्तू राणीच्या नावे करून टाकली. खाली तळघरात कबरी आहेत. पायऱ्या उतरताच उजेड मागे राहतो आणि पावलांचा आवाज घुमू लागतो. भुयाराची कथा याच अंधारात जन्मली असावी.

बाहेर येऊन आम्ही शहराच्या दिशेने पाहिले. नगरचा किल्ला भुईकोट, सपाटीवरचा, भोवती रुंद खंदक. महालाचा डोंगर त्याहून शेकडो फूट उंच. खंदकाच्या तळाखालून निघायचे, मैलोन्‌मैल खडक फोडायचा आणि शेवटी डोंगराच्या पोटातून वर चढायचे. वाटेत हवेसाठी झरोके हवेत, आणि झरोका ठेवला की गुप्तता संपली. एवढे करून वेढ्यात सापडलेल्या राजाने पोहोचायचे कोठे? तर चहूकडून दिसणाऱ्या डोंगरावर! नातू हसला आणि म्हणाला, “मग खर्च वाया गेला.”

तरीही नगरच्या भूमीखाली माणसाने पुष्कळ खोदले आहे. त्यातले सर्वांत मोठे काम पाण्याचे. अहमद निजामशहाने १४९० मध्ये भिंगारजवळ बहामनी फौजेचा पराभव केला आणि त्याच परिसरात सीना नदीकाठी हे शहर वसवले. हा मुलूख पर्जन्यछायेचा. वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटरच्या आसपासच, आणि सीनेचे पात्र उन्हाळ्यात कोरडे पडणारे. असे असून येथे महाल, हमामखाने आणि बागा झाल्या. १५८३ मध्ये पूर्ण झालेला फराहबागेचा महाल तर चक्क तलावाच्या मध्यभागी उभा राहिला. एवढ्या मोठ्या शहराची तहान भागली ती जमिनीखालच्या नळांनी.

कापूरवाडी, वडारवाडी, शहापूर, भिंगार, शेंडी, नागाबाई अशा ठिकाणांहून पाणी शहराकडे आणलेले होते. टेकड्यांच्या पायथ्याशी, झऱ्यांच्या आणि विहिरींच्या आश्रयाने पाणी गोळा करायचे, दगडचुन्याच्या बांधीव नालीतून आणि एकात एक बसवलेल्या खापरी नळांतून ते जमिनीखालून वाहू द्यायचे. ना मोट, ना रहाट. उतार तेवढा नेमका साधलेला. ठरावीक अंतरावर चुन्यात बांधलेले उंच उच्छ्वास असत. पाणी त्यांत चढे, कोंडलेली हवा बाहेर पडे, गाळ खाली बसे आणि कामगाराला नळ साफ करता येई. उन्हाने पाणी आटत नसे आणि धुळीने गढूळ होत नसे. पुढे निजामशाहीचाच वजीर मलिक अंबर याने खडकीस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर-ए-अंबरी काढली. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचे पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणले. त्या नळातून तर माणूस उभा चालू शकतो. पुण्यातही पुष्कळ जण त्यालाच गुप्त भुयार समजत आले. येथे मात्र हिशेब जुळतो. खर्च राज्याने केला आणि त्यातून पाणी मिळाले.

दुसरे खोदकाम शत्रूचे. संध्याकाळी किल्ल्याच्या खंदकापाशी उभे राहून मी नातवाला ती हकीकत सांगितली. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याने किल्ल्याला वेढा घातला. मोगलांनी तटाखाली सुरुंग खोदून त्यांत दारू भरली. बातमी मोगल छावणीतूनच आत पोहोचली आणि चांदबिबीने आतून उलटे खोदकाम सुरू केले. दोन सुरुंग निकामी झाले. तिसऱ्यातली दारू काढणे चालू असतानाच मोगलांनी तो उडवला. खोदणारी माणसे दगावली आणि तटाला खिंडार पडले. तोंडावर बुरखा, हाती नंगी तलवार अशी चांदबिबी त्या खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा बांधून घेतला. ही घटना १५९६ च्या फेब्रुवारीतील. अखेर वऱ्हाड देऊन तह झाला; किल्ला वाचला.

चारच वर्षांनी मोगल पुन्हा आले. किल्ला टिकणार नाही हे ओळखून बालराजाच्या जिवाची हमी घेऊन तह करावा, असा तिचा विचार होता. तेवढ्यावर, ही शत्रूला फितूर झाली, अशी हाकाटी तिच्याच एका सरदाराने शहरभर केली. जमाव महालात घुसला आणि जिने खिंडार अडवले होते तिला तिच्याच माणसांनी ठार केले. थोड्याच दिवसांत सुरुंग उडाले, किल्ला पडला. शत्रूच्या दारूला जे जमले नव्हते, ते एका अफवेने केले. नातू बराच वेळ काही बोलला नाही.

याच किल्ल्यात १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते मुंबईहून रेल्वेने आणून डांबले होते. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव अशी ती मंडळी. नेहरूंनी अंगणात फुलझाडांसाठी वाफे खणले, तेव्हा मातीखाली जुन्या भिंती आणि घुमटांचे माथे लागले. एकदा दगडात कोरलेले सुरेख कमळही दिसले. खोल खणण्यास तुरुंगाच्या अधिकाऱ्यांची मनाई होती. याच तुरुंगवासात १९४४ मध्ये लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ या ग्रंथात त्यांनी ही हकीकत आरंभीच नोंदवली आहे. पुढे जाता आले नाही, तर जेवढे दिसले तेवढेच लिहून ठेवले.

हे सांगताना मला आमच्या घरची एक गोष्ट आठवली. ती नातवाला सांगावी की नाही, याचा मी थोडा विचार केला आणि सांगितली. आमच्या बाजारपेठेतल्या जुन्या पेढ्यांखाली तळघरे असत, कोठे धान्याची पेवे असत. अरुंद तोंडाची, खाली फुगत गेलेली ती पेवे उघडली की आतली कोंदट हवा निघून जाईपर्यंत कोणी उतरत नसे. ‘अफवांचे पेव फुटले’ असे आपण म्हणतो, ते याच पेवावरून. माझ्या लहानपणी आमचे दुकान नव्याने बांधायचे ठरले आणि पाया खणताना कुदळ पोकळ वाजली. माती दूर केली, तर चुन्यात बसवलेली खापरी नळांची ओळ निघाली. तळाशी ओल होती. मजूर म्हणाले, भुयार लागले. बघ्यांची गर्दी झाली, धनाच्या गोष्टी सुरू झाल्या. बांधकाम अडेल, सरकारी माणसे येतील, या धास्तीने घरच्या मोठ्यांनी त्याच रात्री तो खड्डा मुरूम आणि काँक्रीट घालून बुजवला.

त्यानंतर कित्येक वर्षे लोक आमच्या दुकानाखाली भुयार असल्याचे सांगत. आम्हीही ते हसून ऐकत असू. ग्राहकाला गोष्ट आवडे. ते भुयार नव्हते, शहराला पाणी देणाऱ्या नळाचा तुकडा होता, आणि तो आम्ही बुजवला, असे आमच्यापैकी कोणी कधी म्हटले नाही. एक छायाचित्र नाही, माप नाही, वहीत एक ओळ नाही. एरवी रुपया-आण्याची नोंद रोजकीर्दीत चुकू न देणारे आमचे घर.

नातवाने विचारले, “आता तो नळ सापडेल?” मी म्हटले, आमच्या पायाखालचा तुकडा गेला. पण आजही बाजारपेठेत जुनी दुकाने पाडून नवी उभी राहत आहेत आणि त्यांतली कितीतरी आपल्याच समाजबांधवांची आहेत. तुमच्या पायाभरणीत खापरी नळ, चुन्याची नाली किंवा पेवाचे तोंड लागले, तर एक दिवस काम थांबवा. मापे घ्या, छायाचित्रे काढा आणि पुरातत्त्व विभागाला किंवा शहरातील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाला कळवा. एका दिवसाची मजुरी पडेल, ती सोसावी.

परतीच्या गाडीत नातवाने वहीत नगरचा नकाशा काढला. किल्ला, डोंगरावरचा महाल, सीना नदी. दोन्ही वास्तूंना जोडणारी रेघ त्याने आधी ओढली होती. ती खोडून टेकड्यांकडून शहराकडे येणाऱ्या पाच-सहा बारीक रेघा काढल्या. त्यांतली एक बाजारपेठेत येऊन थांबली होती. तेथे त्याने एक लहानशी फुली केली आणि शेजारी लिहिले: आमचे दुकान.