तीन कॅन पाणी आणि पांढरं रण

मुलांनो, भारताचा नकाशा काढा बरं! पुणं सापडलं? आता बोट वर सरकवा. मुंबई, सुरत, बडोदे, अहमदाबाद, आणि मग डावीकडे वळून थेट कच्छ. कच्छच्या उत्तरेला जो मोठा पट्टा दिसतो, ते कच्छचं मोठं रण. तिथे आम्ही पाच जण पुण्याहून मोटारीने गेलो. जाऊन-येऊन सात दिवस. पण तयारीला लागले तीन महिने! म्हणून आधी तयारीचंच सांगतो.

भाचा म्हणाला, "मामा, दिवाळीच्या सुट्टीत जाऊ." शाळा बुडत नाही, म्हणजे बेत उत्तमच. पण रण काही आपल्या शाळेचं वेळापत्रक बघून वाळत नाही. हे रण म्हणजे वाळूच्या टेकड्या नव्हेत, बरं का. फार पूर्वी इथे समुद्र होता. नद्यांच्या गाळाने तो भरत गेला, भूकंपांनी जमीन वर आली. १८१९ च्या भूकंपात तर जमिनीचा एक लांबच लांब बांध वर उचलला गेला. त्याला 'अल्लाह बंद' म्हणतात. आजही पावसाळ्यात खाडीचं खारं पाणी आणि नद्यांचं गोडं पाणी या सपाटीवर पसरतं. ते उन्हाने आटतं आणि मागे मीठ उरतं. दिवाळीला पुष्कळ भाग ओलाच असतो. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून आजीने कॅलेंडर काढलं आणि पौषातल्या पौर्णिमेवर बोट ठेवलं. पाच दिवस शाळा बुडणार! ताईने शाळेतून परवानगी आणली, आणि भाच्याने गृहपाठ आगाऊ पुरा केला. (तोंड वाकडं करून का होईना, पण केला.)

पहिला मुक्काम बडोद्याला, दुसरा भुजला. सगळे मिळून साधारण हजार किलोमीटर. अंधारात गाडी चालवायची नाही, हे आधीच ठरलं होतं. कच्छच्या रस्त्यावर म्हशी आणि उंट दिव्यांच्या उजेडात अगदी समोर येईपर्यंत दिसत नाहीत.

खरी कसोटी होती भुजच्या पुढच्या तीन दिवसांची. करा हिशेब : माणशी रोज चार लिटर पाणी, पाच माणसं, तीन दिवस. साठ लिटर! वीस लिटरचे तीन कॅन. भाच्याचे बाबा हसले, "वाटेत बाटल्या मिळतात की!" मिळतात हे खरं. पण दोन गावांच्या मध्येच गाडी बंद पडली तर? कॅनशेजारी स्टेपनी, जॅक, दोर आणि फावडं गेलं. खाऊची पिशवी शेवटी कोंबली. गुळपोळ्यांचा चुरा झाला, तो आम्ही चमच्याने खाल्ला.

आजी मात्र पुण्यातच राहणार होती, आणि सगळ्यांत मोठं काम तिच्याकडे होतं. कुठल्या दिवशी कुठून कुठे जाणार, हे कागदावर लिहून तिने फ्रीजला चिकटवलं. रोज सातला आम्ही फोन करायचा. नऊपर्यंत आला नाही, तर तिने भुजच्या मुक्कामाच्या ठिकाणी कळवायचं.

भुजला टाकी फुल्ल केली. पुढे खावड्याच्या वाटेवर कर्कवृत्ताची पाटी आली आणि भूगोलाच्या पुस्तकातली ती रेघ आम्ही मोटारीने ओलांडली! भिरंडियाराला गरम मावा खाल्ला. हा सरहद्दीचा भाग, त्यामुळे धोरडोच्या पांढऱ्या रणासाठी ओळखपत्रं दाखवून परवाना काढला.

दुसऱ्या दिवशी धोलावीराला निघालो. पूर्वी रापरकडून लांबचा वळसा होता. आता खावड्याहून रणातूनच सरळ रस्ता गेला आहे. दोन्ही बाजूंना नुसतं पांढरं! भाच्याच्या बाबांना मोह झाला, "घालू का गाडी थोडी आत?" मिठावर चाकांच्या जुन्या खुणाही होत्या. भाचा आधीच उतरून पळाला होता. दहा पावलांवर कचकन आवाज झाला आणि पाय घोट्यापर्यंत आत! मिठाचा पापुद्रा फुटला, खाली काळाकुट्ट चिखल. पाय निघाला, बूट राहिला. तो फावड्याने काढला. मग गाडी रस्त्यावरच राहिली, हे सांगायला नको.

त्या गोंधळात वेळ गेला, पुढे चाकही पंक्चर झालं. सात वाजले, आठ वाजले, फोनला रेंज नाही. पुण्यात आजी कागदासमोर बसली असेल, या विचाराने ताई गप्पच झाली. धोलावीराला पोचून एका दुकानदाराच्या फोनवरून बोललो, तेव्हा नऊला दहा मिनिटं होती. आजी एवढंच म्हणाली, "डायरी हातात घेतली होती."

सकाळी ते प्राचीन शहर पाहिलं. १९६८ साली पुरातत्त्वज्ञ जगत्पती जोशी यांनी ते प्रकाशात आणलं. २०२१ साली ते जागतिक वारसा ठरलं. साडेचार हजार वर्षांपूर्वी इथे भरवस्ती होती. शहराच्या दोन बाजूंना मनसर आणि मनहर हे ओढे. ते फक्त पावसाळ्यात वाहतात. म्हणून लोकांनी बांध घालून त्यांचं पाणी वळवलं आणि मोठमोठे हौद भरून ठेवले. त्यांतला एक ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद आणि सुमारे १० मीटर खोल. पायऱ्यांवर उभं राहिलं की तळाला उतरलेली माणसं बाहुल्यांएवढी दिसतात.

परतताना भाच्याने वही काढली. "मामा, यात आपले किती कॅन मावतील?" हौद सगळीकडे सारखा खोल धरला. गुणाकार दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमला : दहा लाख अठ्ठावन्न हजार पाचशे. गाडीत मागे आमचा शेवटचा कॅन अर्धा उरला होता. भुजला पोचेपर्यंत त्याने तो कोणाला पाय धुवायलाही दिला नाही.