हात न उचलता

कर्सिव्ह लिपीचा पहिला नियम असा, की शब्द संपेपर्यंत हात उचलायचा नाही. हा नियम लिहिणाऱ्यासाठी आहे असा सर्वसाधारण समज आहे. घरी मुलांना शिकवायला बसले की कळते, तो मुख्यतः बापासाठी आहे.

आमच्या कन्येचे कर्सिव्ह माझ्या गळ्यात पडले ते "अहो, बँकेत दिवसभर सह्याच तर बघता" या सौभाग्यवतींच्या युक्तिवादामुळे. मी बी.कॉम. आहे, समोरच्याचा हिशेब बरोबर असला की मान तुकवतो. चार रेघांची वही आणली, पेन्सिलीला टोक केले आणि वर्ग सुरू झाला.

"बाबा, या एफचं डोकं वरच्या मजल्यावर आणि पाय तळघरात का?"

"त्याचा स्वभाव आहे तसा."

"मग मोठा क्यू दोनसारखा का?"

मी गप्प. बँकेत असा संशयास्पद दोन कुणी काढला तर त्याला मेमो मिळेल.

पुढे एक युक्ती सापडली. एबीसीडीच्या क्रमाने न जाता गोत्राप्रमाणे जायचे. सी जमला की ए, डी, जी, क्यू हे त्याच गोलाईचे भाऊबंद. आय, यू, डब्ल्यू, टी हे दुसरे घराणे. वही जराशी तिरपी, पेन्सिल अंगठा आणि तर्जनीत, खाली मधल्या बोटाचा टेकू; पकड सैल. आणि रोज दहाच मिनिटे. अकराव्या मिनिटाला अक्षर बिघडते आणि बाराव्याला बाप.

"यात नवल ते काय?" कोपऱ्यातून आई म्हणाली. "आमचे आजोबा मोडी असंच लिहायचे."

खरेच आहे. मोडी म्हणजे आपले घरचे कर्सिव्हच की! आधी पानावर आडव्या रेघा ओढायच्या आणि मग बोरू होता होईल तो न उचलता त्यांना अक्षरे टांगत जायची.

पण आईचे लक्ष वहीकडे होते त्याला कारण वेगळे होते. तिचे वय अठ्ठ्याहत्तर, हाताला कंप. पेन्शन काढायला गेली, तर सही जुळत नाही म्हणून स्लिप परत आली. बँकेचे नाव सांगत नाही. शेवटी आमचीच जातकुळी. सही जमत नसेल तर दोन साक्षीदारांसमक्ष अंगठा चालतो, अशी नियमात सोय आहे. मी ती समजावून सांगताच आई कडाडली, "सातवी फायनल झालेय मी! अंगठा लावायचा तो वर गेल्यावर लावीन."

दुसऱ्या दिवसापासून वर्गात दोन विद्यार्थिनी. माझी मात्र शिक्षकपदावरून उचलबांगडी झाली.

"आजी, इतकं घट्ट नको गं धरूस. सैल सोड."

"बरं बाई."

महिनाभराने आईने बँकेत सहीचा नवा नमुना दिला. कंप गेला नव्हता, तो जाणारही नाही. पण नावावरची रेघ तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ओढली. वाकडी, पण सलग. आता पेन्शन तिच्या सहीने निघते.

तिच्या वहीत नातीने लाल पेन्सिलीने शेरा मारला आहे : "छान. अजून सराव हवा." आई तो शेरा शेजारणींना दाखवते, माझी बी.कॉम.ची पदवी तिने कुणाला दाखवल्याचे मला आठवत नाही.